वंशावळीचा साक्षीदार

गेल्या पितृपक्षाच्या आरंभी, न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या एका पुतण्याने मला आमच्या घराण्याचा वंशवृक्ष पाठविला. सोबतच्या चार ओळींत त्याने लिहिले होते, "काका, आपलं घराणं मी पंधरा पिढ्या मागे नेलं आहे. सर्वपित्रीच्या आत तुम्ही एकदा नजरेखालून घाला." वृक्ष मोठा देखणा होता. चारशेंवर नावे, प्रत्येक नावास चौकट, पुरुषांची निळी व स्त्रियांची गुलाबी. बोटाने स्पर्श करताच चौकट उघडे आणि आत जन्ममृत्यूचे सन दिसत. पहिल्या रात्री तो पाहून मला अभिमान वाटला. दुसऱ्या रात्री माझ्यातला वकील जागा झाला. सहाव्या पिढीतील एका पूर्वजास वयाच्या अकराव्या वर्षी पुत्रप्राप्ती झालेली होती. त्याचे वडील स्वतःच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी नाशिकच्या यात्रेस गेले होते. आणि अगदी वरच्या शेंड्यावर साक्षात एक गोत्रऋषी विराजमान झाले होते.

हा प्रकार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुलाने दोन वर्षांच्या संध्याकाळी या कामी खर्चिल्या आहेत, आणि ज्या पिढीस आपल्या मूळ गावाचे नावही ठाऊक नसते अशी तक्रार आपण देवळाच्या सभामंडपात बसून नित्य करतो, त्याच पिढीतील हा मुलगा आहे. चूक त्याच्या निष्ठेत नाही. ज्या साधनांवर त्याने विसंबून काम केले त्या साधनांच्या घडणीत ती आहे, आणि काही अंशी आपण वडीलधाऱ्यांनी त्याच्या हाती जे सोपविले नाही त्यातही आहे. म्हणून या वंशशोधक संकेतस्थळांचे, आणि त्यांच्या जोडीला आपल्याकडील जुन्या साधनांचेही, थोडे परीक्षण करावे असे मनात आले.

परीक्षणास मोजमाप हवे. ते मी माझ्या व्यवसायातून घेतो. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही, हा न्यायालयाचा सामान्य नियम. परंतु नातेसंबंधाच्या बाबतीत कायद्याने या नियमास अपवाद केला आहे, कारण पणजोबांच्या लग्नाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आज कोठून आणावयाचा? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ३२ व्या कलमाने, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील २६ व्या कलमाने, मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले विधान ग्राह्य मानले आहे. मात्र त्यास दोन अटी आहेत. विधान करणाऱ्यास ते नाते जाणण्याचे विशेष साधन असले पाहिजे. आणि ज्या प्रश्नाचा तंटा आहे तो प्रश्न उत्पन्न होण्यापूर्वी ते विधान झालेले असले पाहिजे. कौटुंबिक वंशावळ, मृत्युपत्र, समाधीवरील लेख यांनाही हीच दुसरी अट लागू आहे. कायदेकर्त्यांना मनुष्यस्वभावाची चांगली पारख होती असे हे कलम वाचताना मला नेहमी वाटते. मालमत्ता, हक्क किंवा मान यांचा प्रश्न एकदा उभा राहिला की वंशावळी पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवतात. बिहारमधील बेतिया संस्थानच्या वारशाच्या दाव्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा विस्ताराने मांडला: वंशावळ कोणी केली, कशाच्या आधारे केली, केव्हा केली, हे तपासल्यावाचून तिच्यावर विसंबता येत नाही. वारसदार म्हणून पुढे आलेल्या दावेदारांचा दावा तेथे टिकला नाही.

वंशावळ हा केवळ निवृत्तांचा विरंगुळा आहे असे मानणाऱ्यांनी अलीकडचा काळ पाहावा. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली, आणि जुन्या नोंदीतील मनुष्य आपलाच पूर्वज हे दाखविण्यासाठी हजारो कुटुंबे वंशावळ जुळवू लागली. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांची जन्मनोंद हुडकणारी कुटुंबे आपल्या परिचयाची आहेत. आणि आपल्या देवस्थानांतील महाजनकी तरी काय आहे? १९३३ च्या पोर्तुगीज विधिनियमाने ज्या महाजनसंस्थांची घडी बसविली, त्यांतील हक्क वंशावरच उभा आहे. अमक्या पुरुषाचा मी वंशज, एवढे सिद्ध करता आले तर मत देता येते, पालखीचा मान मिळतो. न करता आले तर कुलावी म्हणून दूर उभे राहून हात जोडावयाचे.

आता पहिले साधन, तीर्थोपाध्यायांची वही. गेल्या वर्षी मी नाशिकला आमच्या परंपरागत उपाध्यायांकडे गेलो होतो. मी माझे नाव सांगू लागताच गुरुजींनी हात वर करून थांबविले व विचारले, "मूळ गाव कोणते?" मी इंदूर म्हणालो. "ते राहण्याचे झाले. मूळ?" मी गोव्यातील गावाचे नाव सांगितले, मग त्यांनी आडनाव विचारले, आणि माझे नाव विचारले ते सर्वांत शेवटी. लाल फडक्यातील लांबट वही निघाली, आणि पाव तासात माझ्यापुढे माझ्या आजोबांची सही होती. मी ते अक्षर पूर्वी कधी पाहिले नव्हते. सहीखाली त्यांनी भावांची व मुलांची नावे लिहिली होती, येण्याचे कारण लिहिले होते, आणि त्यांच्या वरच्या पानांवर त्यांचे वडील, आजोबा, मोडीत, एकाहून एक गिचमिड होत गेलेले.

न्यायशास्त्राच्या दृष्टीने या वहीचे मोल फार आहे. लिहिणारा स्वतः घराण्यातला. तीर्थावर, स्नान करून, पितरांच्या कार्यासाठी आलेला. भावाचे नाव गाळून त्यास कोणता लाभ नाही, परक्याचे घालूनही नाही. तंट्यापूर्वीचे विधान याहून निर्मळ कोठे मिळावयाचे? तथापि वहीस देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. जो यात्रेस गेला तोच तीत आहे. ज्यास वाटखर्चीची ऐपत नव्हती तो वंशातूनच पुसला गेला. आणि या वह्या ही उपाध्यायांची मिळकत होती. यजमानवृत्ती हा वंशपरंपरेचा हक्क म्हणून आपल्या न्यायालयांनी मान्य केलेला असून भावाभावांत तिच्या वाटण्या झालेल्या आहेत. नावांचा संग्रह विकत घेता येतो हा शोध अमेरिकेतील कंपन्यांनी लावलेला नव्हे. भेद इतकाच की वहीच्या धन्यास यजमानासमोर पाटावर बसून उत्तर द्यावे लागते.

"मूळ गाव कोणते?" हा प्रश्न आम्हा माळव्यातील मंडळींना जितका अवघड तितकाच मोलाचा आहे. देव स्वतः स्थलांतरित झालेले: श्रीमंगेश कुशस्थळी सोडून १५६० साली प्रियोळास आले, श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. त्यांच्या मागून माणसे घाट चढली, आणि अठराव्या शतकात त्यांतील कित्येक शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर नर्मदा ओलांडून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थिरावली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांचे उदाहरण आपल्या वाचकांस नवे नाही. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी ज्यांच्या नावे सांगितली जाते ते हेच, आणि १७३९ साली मंगेशी गाव पेशव्यांकडून देवस्थानास ज्यांच्या प्रेरणेने मिळाले तेही हेच. परंतु कागदोपत्री हा एकच पुरुष कोठे रामचंद्र मल्हार आहे, कोठे रामचंद्रबाबा, कोठे शेणवी, तर कोठे सुखटणकर. यंत्राच्या दृष्टीने ही चार माणसे होत. केरीचे केरकर शिंद्यांच्या लष्कराचे बक्षी झाले आणि जिवबादादा बक्षी या नावानेच इतिहासात राहिले. आडनावातून गाव गेले, हुद्दा आला. गोव्यात राहिलेल्यांची दुसरी तऱ्हा. पोर्तुगीज कारकुनाच्या लेखणीत शेणैचे 'सिनाय' झाले, कामतांचे 'कामोतीं', पैंचे 'पोय'. एकाच घराण्याच्या तीन शाखांनी तीन लिप्यांत तीन आडनावे धारण केलेली. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे गाव, कुलदेवता आणि गोत्र. पुतण्याने वापरलेल्या संकेतस्थळावर कुलदेवतेचा रकाना नाही, गोत्राचाही नाही. गाव आहे, पण जन्माचे गाव, मूळ गाव नव्हे. जे आमचे ओळखपत्र तेच त्या कोष्टकात मावत नाही.

असे असूनही या संकेतस्थळांविषयी तुच्छतेने बोलणे मला मान्य नाही. त्यांतील सर्वांत मोठे व विनामूल्य असलेले 'फॅमिलीसर्च' हे मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे आहे. या पंथीयांनी १८९४ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे वंशशोधाची संस्था स्थापिली, १९३८ पासून जगभरच्या नोंदींची सूक्ष्मचित्रे घेण्यास आरंभ केला, आणि २४ लाख गुंडाळ्यांचे संगणकीय रूपांतर २०२१ साली पुरे केले. गुंडाळ्या टपालाने मागवून पाहण्याची सोय २०१७ साली बंद झाली. तथापि त्यांची स्थानिक केंद्रे जगभर हजारोंनी आहेत, आणि मूळ दप्तराच्या मालकाशी झालेल्या करारामुळे काही चित्रे घरबसल्या न दिसता केवळ अशा केंद्रातच पाहता येतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की हरद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा, ज्वालामुखी, चिंतपूर्णी येथील पंड्यांच्या वह्या या संस्थेने चित्रित करून ठेविल्या आहेत. वाळवी, पूर, आणि वृत्ती सोडून नोकरीस लागलेली नवी पिढी या तिन्ही संकटांतून त्या पानांची प्रतिमा तरी वाचली. हे काम आपल्या एखाद्या विद्यापीठाने करावयास हवे होते, हे बोलून दाखविण्यात आता अर्थ नाही.

हे ते का करतात, हेही वाचकांस ठाऊक असावे. मृत पूर्वजांसाठी जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घ्यावा, मग तो स्वीकारावा की नाकारावा हे त्या आत्म्याने ठरवावे, असा त्या पंथाचा सिद्धांत आहे. हिटलरच्या छळछावण्यांत मेलेल्या ज्यूंची नावे अशा विधीत घेतली गेल्याचे उघडकीस आल्यावर ज्यू संस्थांनी हरकत घेतली, व १९९५ साली ती प्रथा थांबविण्याचा करार झाला. आपल्यातील काही मंडळी हे ऐकून बिचकतात. माझे मत असे की ज्यास आपण तिलांजली देतो त्यास दुसऱ्याचे पाणी बाधत नाही. परंतु आपली नावे कोठे, कशासाठी जातात हे न पाहता ती देऊन टाकणे हे निराळे. ज्या कंपन्यांचा हेतू धर्म नसून व्यापार आहे त्यांच्या बाबतीत तर अधिकच. लाळेच्या थेंबावरून कुळ सांगणारी '२३अँडमी' ही अमेरिकी कंपनी २०२५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि लाखो लोकांच्या अनुवंशाचा साठा ही विक्रीची चीजवस्तू झाली. 'अँसेस्ट्री' ही कंपनी २०२० साली एका गुंतवणूकदार संस्थेने पावणेपाच अब्ज डॉलरांच्या घरात विकत घेतली.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. वहीच्या पानाचे छायाचित्र आणि त्यावरून कोणी रचलेला वृक्ष या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत, आणि ही संकेतस्थळे त्या एकाच पडद्यावर, एकाच अक्षरात, शेजारीशेजारी मांडतात. पान म्हणजे साक्षीदार; वृक्ष म्हणजे वकिलाचे भाषण. कित्येक ठिकाणी सर्व जगाचा मिळून एकच सामाईक वृक्ष असतो व त्यात कोणीही दुरुस्ती करू शकतो, दोन व्यक्ती एकच आहेत असे ठरवून त्या जोडू शकतो. आमच्या अकरा वर्षांच्या पित्याचा जन्म असाच झाला. आपल्याकडे नातवास आजोबांचे नाव ठेवतात. तीन भावांनी आपापल्या थोरल्या मुलास एकाच आजोबांचे नाव ठेवले की तीन चुलतभाऊ एका नावाचे होतात. कोणा दूरच्या आप्ताने त्यांतील दोघांस एक केले. यंत्राने त्यास बहुधा 'संभाव्य जुळणी' म्हणून सुचविले असेल. त्याने होय म्हटले. आणि एका माणसाची मुले दुसऱ्याच्या पदरात पडली. वहीत असे होऊ शकत नाही असे नाही, पण तेथे खोडलेले दिसते.

नाशिकच्या मरणोत्तर यात्रेचे कारण याहून साधे निघाले. मालव्यातून गेलेल्या त्या पूर्वजाने आपल्या हाताने १८८० हा आकडा घातला होता. मालव्यात संवत चालतो. पुतण्याने, नाशिक महाराष्ट्रात म्हणून, तो शक धरला. संवत १८८० म्हणजे इ.स. १८२३-२४, शके १८८० म्हणजे १९५८-५९. एकशे पस्तीस वर्षांचे अंतर! जुन्या मराठी दप्तरांत याखेरीज शुहूर सन आहे, मुलकी हिशेबांत फसली आहे, गोव्यात ख्रिस्ती सन आहे. यंत्र चार आकडे मागते. ते कोणत्या गणनेचे हे विचारीत नाही.

आणि दत्तक? बहुतेक संकेतस्थळांवर दत्तकाची खूण करण्याची सोय आहे हे मान्य. परंतु आपल्या दत्तकाचा अर्थ त्या खुणेत येत नाही. दत्तक गेलेल्याचे गोत्र बदलते, पितर बदलतात, पूर्वीच्या द्व्यामुष्यायण प्रकारात तर दोन पित्यांचे पिंड एकाच पुत्राने द्यावयाचे असत. याचे उत्तम उदाहरण आम्हा इंदूरकरांच्या डोळ्यांसमोरच आहे. राजवाड्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रवाशास होळकरांची परंपरा एका सरळ रेषेसारखी सांगितली जाते. वस्तुस्थिती काय आहे? मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीस पडले, नातू मालेराव १७६७ साली गेले, औरस रेषा तेथे संपली. कारभार सुनेने हाती घेतला, आणि फौजेचे आधिपत्य तुकोजींस दिले. तुकोजी हे मल्हाररावांचे केवळ सजातीय. परंतु त्यांच्या शिक्क्यावर ते मल्हाररावांचे पुत्र म्हणविले गेले आणि वयाने वडील असूनही अहिल्याबाईंस ते आई म्हणत, अशी माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या ग्रंथात नोंद आहे. पुढे १८३३ ते १८४४ या अकरा वर्षांत गादीवर चार पुरुष आले; त्यांतील एकही आधीच्याचा औरस पुत्र नव्हता. शिवाय नावे पाहा: मल्हारराव दोन, खंडेराव अनेक, तुकोजीराव तीन, यशवंतराव दोन. आता तुकोजींचे पिता कोण, असे यंत्राने विचारल्यास काय उत्तर द्यावयाचे? शिक्का एक सांगतो, जन्म दुसरे. दोन्ही खरे आहेत आणि दोन्हींचा पुरावा निरनिराळा आहे. ज्या वृक्षात उत्तरास एकच जागा, तो येथे खोटा पडणारच.

न्यायालयात असा छापील वृक्ष घेऊन येणारे अशील आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. संगणकीय नोंदीसाठी कायद्याने प्रमाणपत्र आवश्यक केले आहे, ते जोडले की काम झाले अशी त्यांची समजूत असते. प्रमाणपत्राने सिद्ध होते ते एवढेच की हे पान त्या यंत्रातून निघाले. रामचंद्र हा मल्हाराचा पुत्र, हे त्याने सिद्ध होत नाही.

येथवर मी संकेतस्थळांस धारेवर धरले. आता आपल्या छापील कुलवृत्तांतांकडे वळणे न्यायाचे होईल. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील घराण्यांनी, विशेषतः कोकणस्थ मंडळींनी, पत्रके पाठवून, वर्गणी गोळा करून, कुलसंमेलने भरवून हे ग्रंथ सिद्ध केले. परिश्रमांच्या दृष्टीने त्यास तोड नाही. कोणती माहिती कोणी दिली हे चांगल्या संपादकांनी नमूद केले आहे, आणि हा गुण आजच्या संकेतस्थळांवर विरळा. रियासतकार सरदेसाई यांनी १९५७ साली ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी प्रसिद्ध केल्या, त्यांवाचून मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक आजही पाऊल टाकू शकत नाही. परंतु आपल्याकडील पुष्कळ कुलेतिहासांस आरंभीच सह्याद्रिखंडातील दहा गोत्रे व सहासष्ट कुळे यांच्यापासून उडी मारून थेट अठराव्या शतकात उतरण्याची खोड आहे. मधली आठशे वर्षे कोठे गेली? पुतण्याच्या वृक्षावरील ऋषी तेथूनच आले होते. गोत्रऋषींस मी संध्येत वंदन करतो. वंशावळीत त्यांस पंधरावी पिढी म्हणून बसविणे हा त्यांचाही अवमान आहे.

कुलवृत्तांताचा दुसरा दोष अधिक खोल आहे. पुरुषाच्या नावाखाली त्याचे शिक्षण, नोकरी, बढती, निवृत्ती. पत्नीचे नाव व कंसात माहेरचे. कन्येचे नाव, जावयाचे नाव, आणि तेथे रेघ. कन्येची मुले परक्या ग्रंथातली. पुन्हा विवाहात आपल्याकडे आडनावच नव्हे तर पाळण्यातले नावही बदलत असे. एकच स्त्री माहेरच्या वंशावळीत एका नावाने संपते आणि सासरच्या वंशावळीत दुसऱ्या नावाने आरंभते. दोन्ही एकच हे सांगणारी ती स्वतः गेली की दुवा तुटला. आपल्या कोंकणीत माहेरास 'कुळार' म्हणतात. कुळ या शब्दावर स्त्रीच्या जन्मघराचा हक्क आपल्या बायकांनी बोलीत राखून ठेवला, आणि आपण पुरुषांनी कुळाची पुस्तके लिहिताना तोच वगळला.

पुतण्याच्या वृक्षात माझ्या खापरपणजीच्या गुलाबी चौकटीत 'अज्ञात' असे लिहिलेले होते. नाशिकच्या वहीतही तिचे नाव नाही. खापरपणजोबा एकटे आले असावेत, किंवा ती बरोबर असूनही लिहिण्याचे कोणास सुचले नसावे. ते नाव अखेर मिळाले ते आमच्याच घरातील देवघराच्या फळीवर, पोथ्यांच्या बासनात. माझे वडील महालयास बसत तेव्हा गुरुजींना सांगण्यासाठी नावांचा एक कागद पुढे ठेवीत. तो माझ्या आईने लग्नानंतरच्या पहिल्याच पितृपक्षात आजीच्या तोंडून उतरून घेतला होता. महालयात केवळ पिता, पितामह, प्रपितामह नाहीत. माता, पितामही, प्रपितामही आहेत, मातामहाकडील मंडळी आहेत, पुढे आत्या, मावशी, बहीण, सासरे असे सर्व आप्त नावगोत्रानिशी येतात. आपल्या कुलवृत्तांतांनी ज्यांना गाळले त्यांना धर्मशास्त्राने वर्षातून एकदा हाक मारावयास लावले आहे. त्या निळ्या शाईच्या, घडीवर फाटलेल्या कागदावर वडिलांची प्रपितामही म्हणून माझ्या खापरपणजीचे नाव स्पष्ट आहे. सांगणारी माझी आजी. तिला ते तिच्या सासूने सांगितलेले, आणि त्या सासूने खापरपणजीच्या हाताखाली संसार केलेला. जाणण्याचे विशेष साधन हवे, तंटा नसावा: कलमाच्या दोन्ही अटी त्या कागदाने पुऱ्या केल्या आहेत. मी इतकी वर्षे पुराव्याचा कायदा चालविला आणि तो कागद दरवर्षी माझ्या समोरच्या पाटावर होता.

तात्पर्याने सांगण्यापेक्षा आमच्या घरी पुढे काय केले ते सांगतो. कागदाचे छायाचित्र घेतले, नाशिकच्या पानांचे घेतले, आणि ती चित्रे पुतण्यास पाठविताना प्रत्येकाखाली कोणी लिहिले, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या गणनेचा सन, एवढे लिहिले. आईची साक्ष अर्धा तास ध्वनिमुद्रित केली. ती आता पंच्याहत्तरीत आहे. पणजीच्या बहिणीविषयी तिला जे आठवले ते मला कधी विचारावेसेही वाटले नव्हते. हयात माणसांच्या चौकटी काढून टाकावयास सांगितल्या. देवस्थानाच्या कार्यालयात पितृपक्षाच्या दिवसांत एक मेज व एक मोडी जाणणारा मनुष्य बसवावा, कुलाव्यांनी घरातील असे कागद आणून त्यांची प्रत ठेवून न्यावी, असे पत्र मी समितीस दिले आहे. दूरदेशीच्या केंद्रात जाऊन चित्र पाहण्यापेक्षा ते आपणास अधिक सोयीचे होईल. पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही.

पुतण्याने ऋषींस सन्मानाने खाली उतरविले व यात्रेचा सन सुधारला. अकरा वर्षांच्या पित्याची जोडणी त्याने दोनदा सोडविली, पण कोणी अनोळखी गृहस्थ ती पुन्हा जोडतात. खापरपणजीचे नाव भरताना मात्र तो अडला. त्याने विचारले, "काका, तिचं कुळार कोणतं? इथे माहेरचं आडनाव मागतात." आईला विचारले. तिला ठाऊक नव्हते. आजीनेही कधी सांगितले नव्हते. रकाना रिकामा ठेवला तर ते यंत्र पुढे सरकू देईना, म्हणून त्याने तेथे एक आडवी रेघ घातली आहे.